पगाराच्या स्लिपमधले दोनशे रुपये

फेब्रुवारीचा पगार झाला आणि ऑफिसात नव्याने लागलेली मुलगी स्लिप घेऊन माझ्या टेबलाशी आली. "ताई, दर महिन्याला पीटीचे दोनशे जातात, या वेळी तीनशे कापलेत. काही चुकलंय का?"

चुकलेलं काही नाही. पीटी म्हणजे प्रोफेशन टॅक्स, आपला व्यवसाय कर. अकरा महिने दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे झाले 2500. हा आकडा आमच्या अकाउंट्सवाल्यांनी ठरवलेला नाही आणि मंत्रालयानेही नाही. राज्यघटनेच्या कलम 276 मध्येच लिहून ठेवलंय की राज्याला व्यवसाय कर लावता येईल, पण माणशी वर्षाला 2500 च्या वर जायचं नाही. पूर्वी ही मर्यादा 250 होती, 1988 च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती वाढली. तेव्हापासून तेवढीच आहे. उद्या आपल्या विधानसभेतल्या 288 च्या 288 आमदारांनी हात वर करून 2501 म्हटलं, तरी ते होणार नाही. त्यासाठी संसदेने घटना दुरुस्त करावी लागते. संघराज्य म्हणजे काय, हे नागरिकशास्त्राच्या धड्यापेक्षा या एका आकड्यात जास्त नीट कळतं.

तिला मी आणखी एक गोष्ट सांगितली, ती ऐकून ती खुर्ची ओढून बसलीच. हा कर महाराष्ट्राने 1975 साली आणला तो रोजगार हमी योजनेसाठी. शहरातल्या पगारदाराने थोडं द्यायचं, सरकारने त्यात आपली भर घालायची आणि गावातल्या माणसाला हाताला काम मिळायचं.

माझी आजी त्याआधी, बहात्तरच्या दुष्काळात, खडी फोडायला जायची. डाव्या भुवईखाली खडीची कपची उडून लागल्याची खूण तिच्या चेहऱ्यावर शेवटपर्यंत होती. मुकादमाच्या हजेरीत नाव लागलं की नाही ते बघायचं, मिळालेली सुकडी स्वतः न खाता पदराला बांधून पोरांसाठी आणायची. कुणी दुष्काळाचा विषय काढला की म्हणायची, "फुकटचं नाही खाल्लं बाई, खडी फोडून खाल्लं." ते वाक्य मी विसरू शकत नाही.

रोजगार हमीची कल्पना वि. स. पागे यांची. ते विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूरला, त्यांनी आधी तिचा प्रयोग करून पाहिला. वरच्या सभागृहाचा उपयोग काय, असं आजकाल सर्रास विचारलं जातं, तेव्हा मला पागे आठवतात. 1977 मध्ये विधिमंडळाने कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. काम मागितलं तर द्यावंच लागेल, हे सरकारवर कायद्याने बंधन आलं. दिवसांची मर्यादाही नव्हती.

एका राज्याला असा कायदा करता आला, कारण रोजगार आणि बेकारी हा विषय घटनेच्या समवर्ती सूचीत आहे. म्हणजे संसदही कायदा करू शकते, विधिमंडळही करू शकतं आणि दोघांचं जुळलं नाही तर सहसा संसदेचा कायदा वरचढ ठरतो. राज्याने काहीतरी करून बघावं, पटलं तर देशाने उचलावं, अशी ही सोय आहे. 2005 मध्ये नेमकं तेच झालं.

कायदा कसा घडतो ते बघायचं असेल तर 2005 चा हा प्रवास बघावा. राष्ट्रीय रोजगार हमीचं विधेयक डिसेंबर 2004 मध्ये लोकसभेत मांडलं गेलं. ते फक्त गरीब कुटुंबांपुरतं होतं. गरीब कोण हे कोण ठरवणार? यादी करणारा. मग विधेयक ग्रामीण विकासाच्या स्थायी समितीकडे, म्हणजे विधेयकं बारकाईने तपासणाऱ्या खासदारांच्या समितीकडे गेलं. अध्यक्ष होते विरोधी पक्षाचे कल्याणसिंह. समितीने म्हटलं, ही अट काढा, ग्रामीण भागातलं जे कुटुंब अंगमेहनतीचं काम मागेल त्याला द्या. ऑगस्ट 2005 मध्ये संसदेने कायदा मंजूर केला तेव्हा ती अट नव्हती. सरकारने आणलेलं विधेयक, विरोधी पक्षाच्या माणसाच्या अध्यक्षतेखालची समिती, आणि यादीत नाव नसलेल्या लाखो बायाबापड्यांसाठी दार उघडलं. कायद्यात कलम 28 ही होतं. राज्याचा स्वतःचा कायदा यापेक्षा कमी देत नसेल तर त्याला तो चालवता येईल, अशी मुभा त्यात होती. धाकट्याचं ऐकून थोरल्याने केलेला कायदा होता तो.

म्हणून विधेयक समितीकडे पाठवा म्हटलं की "वेळकाढूपणा" असं जे म्हटलं जातं, ते मला मनापासून खटकतं. पंधराव्या लोकसभेत सुमारे 71 टक्के विधेयकं समित्यांकडे गेली होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण 16 टक्क्यांच्या आसपास आलं. सप्टेंबर 2020 चे तीन शेती कायदे कुठल्याही समितीकडे गेले नाहीत. शेती हा राज्यांचा विषय, राज्यसभा हे राज्यांचं सभागृह, आणि तिथे आवाजी मतदानाने ते मंजूर झाले. पुढे वर्षभर शेतकरी दिल्लीच्या वेशीवर बसले आणि नोव्हेंबर 2021 मध्ये तेच कायदे मागे घेतले गेले, तेही चर्चेविना. समितीत वाचवलेले महिने रस्त्यावर खर्च झाले. ते कायदे चांगले होते की वाईट यावर माझ्या घरातच दोन मतं आहेत. पण त्यावर बोलायची जागा सभागृहात होती.

आणि डिसेंबर 2025 मध्ये रोजगार हमीच्या त्याच 2005 च्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला. विधेयक लोकसभेत मांडलं गेलं आणि त्याच आठवड्यात दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं. स्थायी समितीकडे पाठवा ही विरोधकांची मागणी मान्य झाली नाही. नव्या कायद्यात 100 ऐवजी 125 दिवस आहेत, ते मला मान्य आहेत, हवेच आहेत. पण आधी अंगमेहनतीची मजुरी पूर्ण केंद्र द्यायचं. आता बहुतेक राज्यांत खर्चाची वाटणी 60 आणि 40 अशी आहे. चाळीस टक्के राज्याने उभे करायचे, आणि राज्यांना समितीसमोर बसून आपलं म्हणणं मांडायची संधीच मिळाली नाही. ज्या महाराष्ट्राने देशाला ही योजना दिली, त्याचं तरी ऐकायचं!

मी त्या मुलीला हे सगळं सांगितल्यावर तिने लगेच विचारलं, "मग ते चाळीस टक्के आणायचे कुठून? आपला कर तर 2500 वरच अडकलाय ना?"

हाच प्रश्न आपल्या आमदारांनी अर्थसंकल्पी अधिवेशनात अर्थमंत्र्यांना विचारायला हवा, आणि आपल्या 48 लोकसभा खासदारांनी व 19 राज्यसभा खासदारांनी दिल्लीत. मी माझ्या आमदारांना आणि खासदारांना पत्र लिहिलंय. उत्तर आलं की इथेच टाकते.