‘स्लिपरी सॅम’चं नाव घेऊन बुलेटला तेल गाळू देऊ नका

जळगाव, भुसावळ, धुळ्याकडच्या बुलेटवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरतो आहे. थोडक्यात तो असा: ‘स्लिपरी सॅम’ नावाच्या एकाच जुन्या ट्रायम्फने १९७१ ते १९७५ सलग पाच वर्षं आयल ऑफ मॅन या ब्रिटनजवळच्या बेटावरची शर्यत मारली. होंडा-कावासाकीच्या नव्या सुपरबाइक तिच्यापुढे पाणी भरत होत्या. जुन्या पुशरॉड इंजिनात (ज्यात व्हॉल्व्ह लांब दांड्यांनी उघडतात) ताकदच जास्त होती, गाडीत काही बदललं नव्हतं आणि ती तेल गाळत गाळतच जिंकायची. तेव्हा बुलेटचं तेल गळतं म्हणून घाबरू नका, कार्ब्युरेटरमध्ये मोठा जेट (पेट्रोल सोडणारं भोक) टाका आणि ॲक्सिलरेटर पिळा.

प्रॉडक्शन टीटी, म्हणजे विक्रीच्या मॉडेलांवर बेतलेल्या गाड्यांची आयल ऑफ मॅनची शर्यत, यातले पाच विजय खरे आहेत. बाकी जवळपास सगळं चूक आहे, आणि शेवटचा सल्ला इंजिनासकट चालवणाऱ्याच्याही जिवावर उठणारा आहे.

“जुन्या इंजिनात ताकद जास्त होती.” नव्हती. सॅम म्हणजे ट्रायम्फ ट्रायडंट: तीन सिलिंडर, ७४० सीसी, कारखान्यातून निघताना ५८ हॉर्सपॉवर. १९६९ च्या होंडा सीबी ७५० ची ताकद ६७, तर १९७२ मध्ये आलेल्या कावासाकी झेड-१ ची ८२. शर्यतीसाठी तयार करताना सॅमची ताकद वाढवली होतीच, पण ती वाट समोरच्यालाही मोकळी होती.

“कावासाकीला पाच वर्षं हरवलं.” १९७१ ते ७३ हा वर्ग ७५० सीसीचा होता. झेड-१ चं इंजिन ९०३ सीसीचं, म्हणजे तिला त्यात जागाच नव्हती. १९७४ ला मर्यादा १००० सीसी झाली, तेव्हा झेड-१ आणि बीएमडब्ल्यूची आर ९० एस अशा गाड्यांना दार उघडलं. आमच्या मते सॅमची खरी कमाई या शेवटच्या दोन वर्षांची आहे, आणि मजकुरात नेमकी तीच हरवली आहे. टीटीचा रस्ता हा गावांतून, दगडी भिंतींना चाटून जाणारा सार्वजनिक रस्ता. एक फेरी ६०.७ किलोमीटरची. १९७५ ला अशा दहा फेऱ्या होत्या, म्हणजे ६०० किलोमीटरच्या वर, भुसावळहून मुंबईपेक्षाही लांब. डेव्ह क्रॉक्सफर्ड आणि ॲलेक्स जॉर्ज या दोघांनी पाळीपाळीने गाडी चालवली. अशा रस्त्यावर सरळ पट्ट्यातली ८२ हॉर्सपॉवर वळणात उपयोगी पडेलच असं नाही. झेड-१ ची चासी आणि मागचे शॉक जोराच्या वळणात डुलायचे, हे त्या काळी सगळ्यांना माहीत होतं. ट्रायडंट वळणात धरून राहायची.

“गाडीत काही बदललं नव्हतं.” सॅम १९७० ला ट्रायम्फच्या इंग्लंडमधल्या मेरिडेनच्या कारखान्यात शर्यतीसाठीच बांधली गेली आणि डग हील यांच्या हाताखालच्या माणसांनी तिच्यावर सतत काम केलं. साध्या ट्रायडंटला चार गिअर आणि पुढे ड्रम ब्रेक होता. सॅमला पाच गिअर बसले, पुढे दोन डिस्क आल्या. सप्टेंबर १९७३ मध्ये कारखान्यात कामगारांचा लढा सुरू होऊन काम थांबलं, तेव्हा रेसिंग विभागातल्याच लेस विल्यम्स यांनी गाडी आपल्याकडे घेतली. कारखाना बंद आणि गाडी जिंकते आहे, ते या हातांमुळे. ‘जुनी गाडी’ म्हणताना एवढी मेहनत पुसून टाकणं आम्हाला पटत नाही.

“तेल गाळतच जिंकायची.” सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने होतं. ‘स्लिपरी’ म्हणजे निसरडी, हे नाव पडलं ते १९७० च्या बोल दॉर या २४ तासांच्या फ्रेंच शर्यतीत. ऑइल पंप बिघडला, तेल बाहेर येऊन गाडी चालवणारे पर्सी टेट आणि त्यांचा जोडीदार माखून निघाले. गाडी पाचवी आली. ती शर्यत जिंकली दुसऱ्याच ट्रायडंटने, पॉल स्मार्ट आणि टॉम डिकी यांच्या. म्हणजे ज्या दिवशी तेल गळलं, त्या दिवशी सॅम हरली.

जुन्या कास्ट आयर्न बुलेटमध्येही ट्रायडंटसारखेच दोन पंप असतात. एक तेलाच्या टाकीतलं तेल इंजिनाला देतो, दुसरा क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या पेटीत) साचलेलं परत टाकीत ओढतो. परतीचा पंप मंदावला की तेल खाली साचतं, क्रँक ते घुसळतो, आतला दाब वाढतो आणि तेल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. तेच तेल मागच्या टायरवर गेलं की लळिंग घाटाच्या वळणात ब्रेक दाबूनही उपयोग नसतो. ‘मे महिन्याच्या उन्हात गळालेलं बरं, इंजिन थंड राहतं’ हेही ऐकू येतं. उलट आहे. ट्रायडंटला ऑइल कूलर होता, बुलेटला नाही. सव्वादोन लिटर तेलही तिची उष्णता वाहून नेतं. त्यातलं अर्धा लिटर रस्त्यावर सांडलं, तर ४४ अंशांच्या दुपारी उरलेलं तेल जास्त तापून पातळ होतं.

गळती दिसली की बरेच जण आधी गॅस्केटला हात घालतात. आधी ब्रीदर, म्हणजे इंजिनातला दाब बाहेर सोडणारी वाट, बघा. क्रँककेसच्या डाव्या अंगाला बदकाच्या चोचीसारखा रबरी तुकडा असतो. दाब बाहेर सोडायचा आणि हवा आत येऊ द्यायची नाही, एवढंच त्याचं काम. रबर कडक झालं किंवा चिरलं की ते काम संपलं. मग नवं गॅस्केटही चार दिवसांत ओलं होतं. चोच बोटांनी दाबून बघा, ओठ आपोआप मिटले पाहिजेत. घाण उडते म्हणून ब्रीदरच्या नळीला बोळा लावणं तर अजिबात करू नका.

त्यानंतर इंजिन रॉकेलने धुऊन, पुसून कोरडं करा, सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरा आणि दहा मिनिटं चालवा. पावडर जिथे आधी ओली होते, गळती तिथली. खालून शोधू नका, तेल वाहत येऊन भलतीकडेच थेंब धरतं.

“मोठा जेट टाका आणि पिळा.” इथे आकडेच बोलतात. ट्रायडंटचा स्ट्रोक ७० मिलीमीटर, बुलेट ३५० चा ९०. ट्रायडंटची कमाल ताकद ७,२५० फेऱ्यांना, बुलेटची ५,६२५ ला. पिस्टनचा सरासरी वेग काढला तर दोन्हींचा सेकंदाला साधारण १७ मीटर येतो. म्हणजे तुमची बुलेट ५,६२५ फेऱ्यांना ट्रायडंटच्या बरोबरीने राबतेच आहे. तिला ७,००० वर नेलं, तर पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा झटका दीडपटीहून जास्त होतो, कारण तो फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो. शिवाय ट्रायडंटचे तीन पिस्टन छोटे, सुमारे २४७ सीसीचे एकेक. बुलेटचा एकटा ३४६ सीसी ओढतो. आधी बिग एंड (रॉडच्या खालच्या टोकाचं बेअरिंग) जातं, मग रॉड. आणि नुसत्या मोठ्या जेटने ताकद येत नाही, मिश्रण जाड होऊन प्लग काळा पडतो आणि जास्तीचं पेट्रोल सिलिंडरवरचा तेलाचा थर धुऊन काढतं.

फिल्टर बदलताना टायमिंग कव्हरमधलं कॉर्क सीलही नवं टाका. त्याच वाटेने बिग एंडला तेल जातं आणि सील झिजलं की तेल मधेच सुटतं. पंप उघडावा लागलाच, तर त्याला फिरवणाऱ्या वर्म नटचे आटे उलटे असतात, सवयीने पिळला तर तो आणखी घट्ट बसतो. पंपाच्या डिस्कवर ओरखडे दिसले तर काचेवर बारीक पेस्ट लावून ती सपाट घासून घ्या. सगळं जोडलं की गाडी लगेच बाहेर काढू नका. इंजिन चालू ठेवून रॉकरकडे (वरच्या व्हॉल्व्हच्या भागाकडे) तेल नेणाऱ्या नळीचा बँजो बोल्ट, म्हणजे ज्यातून तेल जातं तो पोकळ बोल्ट, अर्धा आटा सैल करा. तेल पाझरलं तर बोल्ट कसा. मिनिटभरात आलं नाही, तर इंजिन बंद करा आणि पंपाकडे परत जा.