खुलासा : हेमी बाराकुडा तेलटंचाईने बंद पडली नाही

१९७३ च्या तेलटंचाईने अमेरिकेतल्या प्लिमथ कंपनीची हेमी बाराकुडा, म्हणजे ‘हेमी’ नावाचं ताकदवान इंजिन असलेली बाराकुडा गाडी संपवली, असा मजकूर फिरतोय. तारखा पाहिल्या तर हे टिकत नाही. अरब देशांनी अमेरिकेचं तेल रोखलं ऑक्टोबर १९७३ मध्ये. ७ लिटरचं, ४२५ अश्वशक्तीचं हेमी इंजिन मात्र १९७१ च्या मॉडेलनंतरच गेलं होतं. १९७२ ची गाडी घेणाऱ्याला सर्वांत मोठं इंजिन मिळे ते ५.६ लिटरचं. म्हणजे गाडीचा जीव आधीच काढून घेतलेला होता. तरुण ग्राहकांना परवडेनासा झालेला विम्याचा हप्ता आणि धुराचे कडक होत गेलेले नियम, ही खरी कारणं. खप १९७१ मध्येच निम्म्याच्या खाली आला. तेलटंचाई आली ती शेवटी. १ एप्रिल १९७४ ला बाराकुडाचं उत्पादनच थांबलं.

बाराकुडाला फोर्डच्या मस्टँग गाडीची नक्कल म्हणणंही अन्यायाचं आहे. बाराकुडा १ एप्रिल १९६४ ला बाजारात आली, मस्टँग १७ एप्रिलला. पहिल्या बाराकुडाची छतापासून डिकीपर्यंत उतरत जाणारी ती प्रचंड मागची काच एकदा नीट बघा; मस्टँगमध्ये तसं काहीच नव्हतं.