बायको खरी आहे का ते बघायला पोलीस आले

मी मिरजेचा, आता थायलंडमध्ये थाई बायकोबरोबर राहतो, आणि माझा इथला व्हिसा तिच्याशी झालेल्या लग्नाच्या आधारावर आहे. ते लग्न खरं आहे का हे बघायला गेल्या मार्चमध्ये आमच्या घरी दोन पोलीस आले होते. थायलंडमध्ये इमिग्रेशन हे पोलीस खात्यातच येतं, त्यामुळे गणवेशात. चहा नको म्हणाले, गार पाणी घेतलं. मग आमचे दोघांचे फोटो काढले, एक दारात घर नंबराच्या पाटीशेजारी, एक सोफ्यावर, एक बेडरूममध्ये पलंगाशी उभं राहून, आणि शेजारच्या मावशींना बोलावून विचारलं की हे दोघं खरंच एकत्र राहतात का. मावशी म्हणाल्या राहतात की, रोज सकाळी हा फोडणी घालतो आणि मला शिंका येतात.

मी आपला गंमत म्हणून तो सोफ्यावरचा फोटो मिरजेच्या शाळेच्या ग्रुपवर टाकला. तिथे नेमकी गरमागरमी चालली होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली ना, ते 'लव्ह जिहाद'विरोधी कायद्याचा अभ्यास करायला, त्यावरून. आमचा एक बाकावरचा मित्र, महसुलात आयुष्य काढलेला, त्याने माझाच फोटो उचलला आणि लिहिलं, "बघा, थायलंडमध्ये पोलीस बेडरूमपर्यंत येऊन लग्न तपासतात, आणि आपल्याकडे नुसती समिती नेमली तर लगेच बोंबाबोंब."

आता ह्याला दोन ओळीत उत्तर देता येईना म्हणून हे लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे अरे, माझं लग्न इथल्या अम्फरमध्ये, म्हणजे आपल्या तहसील कचेरीसारखं समज, एका दुपारी झालं. आपल्या वकिलातीचं अविवाहित असल्याचं पत्र (माझ्या बाबतीत विधुर), त्याचं थाई भाषांतर, त्यावर परराष्ट्र खात्याचा शिक्का, बस. नोटीस नाही, फलक नाही, हरकती नाहीत. तिचा धर्म कुठला माझा कुठला हे कोणी विचारलं नाही. आणि माझ्या भाच्याने आपल्याकडे स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न केलं तेव्हा १९५४ च्या त्या कायद्याप्रमाणे तीस दिवस आधी नोटीस, ती कचेरीच्या फलकावर लटकलेली, कोणी पण येऊन वाचावी. मुलीच्या चुलत्याच्या ओळखीतल्या कोणीतरी ती वाचली आणि पुढचे पंचवीस दिवस त्या दोघांनी कसे काढले ते मला माहिती आहे.

गंमत म्हणजे इथे पण तीस दिवस आहेत. लग्नाच्या कारणावर व्हिसाला वर्षाची मुदतवाढ मागितली की आधी तीस दिवसांचा 'विचाराधीन' शिक्का मारतात, त्या काळात हे पोलीस येऊन जातात. पण फरक बघ ना. भारत आधी तीस दिवस तपासतो आणि मग जन्मात विचारत नाही. थायलंड आधी काही विचारत नाही आणि मग दरवर्षी विचारतं, अजून आहे का लग्न? दरवर्षी लग्नाच्या नोंदीचा ताजा उतारा काढावा लागतो, सातबाऱ्यासारखा. आणि मुख्य म्हणजे ते तपासतात ते माझं इथे राहण्याचं कारण. बायकोला तिच्या देशात कोणाशी लग्न करायचं ह्याची परवानगी ते देत नाहीयेत. परक्याचा व्हिसा तपासणं आणि स्वतःच्याच सज्ञान नागरिकाचं लग्न तपासणं हे एकाच पारड्यात कसं टाकतोस तू, सांग.

आता इथलं सगळं छान आहे असंही नाही. खोटी लग्नं लावून देणारे एजंट आहेत म्हणून तपासणी आहे हे मान्य. पण हा नियम ऐका, थाई बाईशी लग्न केलेल्या परदेशी नवऱ्याने बँकेत ४ लाख बाट (इथलं चलन) दाखवायचे किंवा महिना ४० हजार बाट उत्पन्न, आणि थाई पुरुषाशी लग्न केलेल्या परदेशी बायकोला असली कुठलीच अट नाही. म्हणजे कमावणार तो पुरुष हे सरकारने गृहीत धरलेलं. बायकोला नागरिकत्व मिळणंही त्यामानाने सोपं. नवऱ्याला मात्र आधी इथे नोकरी आणि कर भरल्याचा रेकॉर्ड लागतो. मी नोकरीत असताना कायम वास्तव्याचा अर्ज करू शकलो असतो, दरवर्षी एका देशाच्या शंभर लोकांना देतात, पण तेव्हा आळस केला, करू की पुढच्या वर्षी करत करत रिटायर झालो आणि ते दार बंद झालं.

घराचंही तसंच. जमीन परदेशी माणसाच्या नावावर होत नाही, त्यामुळे उत्तर थायलंडातल्या लांफूनचं आमचं हे घर, मागची लमयाईची (लिचीसारखं फळ) चार झाडं, सगळं तिच्या नावावर, आणि खरेदीच्या दिवशी मी लिहून दिलंय की हे पैसे तिचेच, माझा काही हक्क नाही. मिरजेत हे सांगितलं तर लोक माझ्याकडे कसे बघतात! पण आपल्याकडे तरी काय, शेतकरी नसलेल्या माणसाला महाराष्ट्रात शेतजमीन घेता येत नाहीच की.

आणि भारताला द्यायचे ते मार्क देतोच. लग्न नोंदवून दोन वर्षं झाली की भारतीयाच्या परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड, म्हणजे भारतात हवं तितकं राहू देणारं कार्ड, मागता येतं. चौकशी होते, वेळ लागतो, पण एकदा मिळालं की माझी बायको मिरजेत येऊन कितीही वर्षं राहू शकते, बँकेत दरवर्षी काही दाखवायला नको, नव्वद दिवसांनी हजेरी नको. मला इथे दर नव्वद दिवसांनी टीएम ४७ नावाचा फॉर्म भरून कळवावं लागतं की मी अजून ह्याच पत्त्यावर आहे. गावी यायचं तर आधी एक हजार बाट देऊन री-एंट्री परमिट, नाहीतर विमान उडालं की मुदतवाढ रद्द. ओसीआयसुद्धा घटस्फोट झाला की जातं, पण तोपर्यंत सुखाने झोपू देतात.

ग्रुपवर दोघातिघांनी वेगळंच विचारलं, तुम्ही पन्नाशीच्या पुढचे, मग सरळ रिटायरमेंटच्या मुदतवाढीवर का नाही राहत? बरोबर आहे. त्यात बायको, शेजारी, फोटो काही नाही, फक्त पैसे. ८ लाख बाट अर्जाआधी दोन महिने खात्यात, मंजुरीनंतर तीन महिने तसेच, आणि मग वर्षभर ४ लाखाच्या खाली जाऊ द्यायचे नाहीत. बाट अडीच रुपयाच्या वर गेलाय, म्हणजे वीस लाखाहून जास्त रुपये जवळजवळ गोठलेले. लग्नाच्या मार्गात ४ लाख, आणि काम झालं की वापरता येतात, छप्पर दुरुस्त करता येतं. महिना उत्पन्न दाखवायचं तर रिटायरमेंटला ६५ हजार बाट, आपल्या पेन्शनमध्ये कुठून आणणार. बाकीचे पर्याय आमच्यासाठी नाहीतच. ओ-ए नावाच्या व्हिसाला आरोग्य विमा मागतात, माझी शुगर बघून कोण देतोय. ओ-एक्स व्हिसा ठरावीक देशांच्या लोकांनाच, त्या यादीत भारत नाही. दहा वर्षांचा एलटीआर व्हिसा बड्या पैसेवाल्यांचा. मी इतकी वर्षं लग्नावर राहिलो ते थोडं हिशोबाने आणि थोडं हट्टाने, की बाबा मी इथे पैशामुळे नाही, हिच्यामुळे आहे.

हा हट्ट मोडला तो हिनेच. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे, गेल्या वर्षी ऑपरेशन झालं, तेव्हा हॉस्पिटलमध्ये पडल्या पडल्या म्हणाली, "मी आधी गेले तर तुझं कारणच संपलं. घर भाचीचं होईल, तिला सांगून ठेवलंय तुला ठेवून घे म्हणून, पण इमिग्रेशनला मी काय सांगणार?" खरंय. लग्नावरची मुदतवाढ लग्नाबरोबर संपते. पैशावरची नाही संपत.

तर मित्रा, ह्या वेळी अर्ज रिटायरमेंटवर. जानेवारीच्या आत पैसे इथे पडायला हवेत म्हणून एफडी मोडतोय, सीएकडून पैसे परदेशी पाठवायचे फॉर्म चाललेत, तिथल्या बँकेतला पोरगा रोज नवीन कागद मागतोय. हिला सांगितलं की ह्या वेळी तुला ऑफिसात बसायला यायची गरज नाही. तर म्हणे, मग ते पोलीसही येणार नाहीत का, मी नवे पडदे आणले होते.