नापास नेमके कोणाला करायचे?

नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्समधील, म्हणजे आमच्या राज्यातील, मतदारांनी जनमत कौल देऊन दहावीच्या राज्यस्तरीय चाचणीची सक्ती रद्द केली. 'एमकॅस' नावाची ही चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय २००३ पासून येथे हायस्कूलचा डिप्लोमा मिळत नसे, आणि सुमारे ५९ टक्के मतदारांनी ती अट नको म्हटले. चाचणी मात्र बंद झालेली नाही. त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, महाराष्ट्राने नेमके उलट पाऊल टाकले: पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, अनुत्तीर्णांना फेरपरीक्षा, आणि तरीही न जमल्यास त्याच वर्गात मुक्काम.

या निर्णयाचे आमच्या महाराष्ट्रातील घरी, म्हणजे फोनच्या त्या टोकाला, स्वागत झाले. 'धाक उरला नाही म्हणून पोरे वाचत नाहीत' हे मत निवृत्त शिक्षकांपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांचे आहे. ते पूर्णपणे चुकीचे म्हणवत नाही. परंतु ढकलत पुढे नेण्याचे धोरण शिक्षण हक्क कायद्याने २०१० मध्ये देशभर लागू केले, आणि त्याच्या आधीच्या 'असर' या ग्रामीण मुलांच्या वाचन-गणिताच्या स्वयंसेवी पाहणीच्या अहवालांतही पाचवीतील चाळीस टक्क्यांहून अधिक मुलांना दुसरीचा मजकूर वाचता येत नव्हता. तेव्हा बऱ्याच ठिकाणी धाक होता आणि वाचन नव्हते.

अमेरिकेने धाक घातला तो मुलांपेक्षा शाळांना. २००२ च्या 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्याने तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन व गणिताची चाचणी सक्तीची केली, २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले प्रवीण झाली पाहिजेत असे फर्मान काढले आणि मागे पडणाऱ्या शाळांवर कारवाईची तरतूद केली. शंभर टक्के हा आकडा ज्याने कधी वर्गात शिकवले आहे त्याने सुचवला असेल, असे वाटत नाही. परिणाम व्हायचा तोच झाला. शिक्षक उत्तीर्णतेच्या रेषेजवळच्या मुलांवर मेहनत घेऊ लागले, चित्रकला आणि इतिहासाचे तास आक्रसले, आणि अटलांटा शहरात २०११ च्या चौकशी अहवालानुसार ४४ शाळांमधील १७८ शिक्षक व मुख्याध्यापक उत्तरपत्रिकांतील फेरफारात गुंतलेले आढळले.

तरीही त्या कायद्यातली एक गोष्ट मला आजही मोलाची वाटते. शाळेची सरासरी सांगून सुटका नव्हती; कृष्णवर्णीय, गरीब, अपंग आणि इंग्रजी नव्याने शिकणारी मुले यांचे निकाल वेगवेगळे जाहीर करावे लागत. आजही पालकांच्या हाती येणाऱ्या एमकॅसच्या अहवालात मुलाच्या गुणांशेजारी शाळेची, शहराची आणि राज्याची सरासरी छापलेली असते, त्यामुळे दोष एकट्या मुलाचा की त्याच्या भोवतालचाही, हे निदान विचारता येते. शिवाय मॅसॅच्युसेट्समध्ये चाचणी एकटी आली नव्हती. जून १९९३ मध्ये येथील सर्वोच्च न्यायालयाने गरीब गावांतील मुलांच्या शिक्षणाची घटनात्मक जबाबदारी राज्याची आहे असा निकाल दिला, त्याच महिन्यात शिक्षण सुधारणा कायदा झाला, आणि ज्या मालमत्ता करावर शाळा चालतात तो तुटपुंजा असलेल्या गावांना राज्याचा भरीव पैसा मिळू लागला. आधी पैसा, मग हिशेब, असा तो सौदा होता.

महाराष्ट्रात हिशेब आहे, पण तो कोणाकडून घ्यायचा हे ठरलेले नाही. पायाभूत आणि संकलित चाचण्या होतात, उत्तरपत्रिका त्याच शाळेतील शिक्षक तपासतात आणि गुण मोबाईलवरून चॅटबॉटमध्ये भरतात. ज्याच्या कामाचे मोजमाप व्हायचे त्याच्याच हाती मोजपट्टी दिली की आकडे चांगले येतात, हे अटलांटाने दाखवले आहे. याउलट 'असर'चे स्वयंसेवक घरी जाऊन अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट वाचायला लावतात. त्या निकालावर ना मुलाचे वर्ष अवलंबून, ना गुरुजींची बदली, म्हणूनच त्यातून खरे चित्र दिसते.

पाचवीतल्या दहा वर्षांच्या मुलाला मागे ठेवण्याआधी तालुकावार, आदिवासी आणि स्थलांतरित मजुरांच्या मुलांचे निकाल वेगळे काढून जाहीर करावेत, रिक्त शिक्षकपदांची यादी त्यांच्या शेजारी छापावी, आणि वर्षभरात ती पदे न भरणाऱ्या अधिकाऱ्याला त्याचा जाब द्यावा लागावा. एवढे झाले तर त्या वार्षिक परीक्षेला माझाही विरोध उरणार नाही.