आकारावरून स्वभाव ठरवू नका
अमिग्डाला म्हणजे मेंदूतला भीती आणि भावनांशी जोडलेला छोटा भाग. त्याच्या आकारावरून माणूस किती हळवा ते कळतं, असं एका लेखात सुचवलंय. हे पटत नाही. २०२२ साली ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकात आलेल्या अभ्यासाने दाखवलं की मेंदूची रचना आणि मानसिक आरोग्य यांच्यातले असे संबंध फार क्षीण असतात, ते खात्रीने दिसायला हजारो लोकांचे एमआरआय लागतात. वीस-पंचवीस जणांवरचे निष्कर्ष म्हणूनच पुढे टिकत नाहीत. शिवाय मेंदू बदलतो. रस्ते पाठ करून लंडनच्या टॅक्सीचालकांच्या हिप्पोकॅम्पसचा (मेंदूतल्या स्मरणाशी जोडलेल्या भागाचा) मागचा भाग वाढल्याचं आढळलंय.

मी नागपुरात समुपदेशन करते. बारावीच्या पोरांसमोरच आईबाबा म्हणतात, ‘हा जन्मापासूनच घाबरट आहे जी!’ आता त्यावर स्कॅनचा शिक्का नको. पोरगं सतत घाबरत असेल, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा. मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत.