यंदा दसऱ्याला तलवार चमकवू नका

दसरा जवळ आला की घराघरांतल्या जुन्या तलवारी, पट्टे, कट्यारी माळ्यावरून खाली येतात आणि लगेच फोटो फिरू लागतात. आरशासारखं लखलखणारं पातं, त्यावर हळदीकुंकवाची बोटं. मला ते फोटो बघवत नाहीत. ती लकाकी पॉलिश पेपरची नाहीतर बफिंगच्या चाकाची असते, आणि चाकाखाली जे गेलं ते कायमचं गेलं.

२०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार घेतली. पातं युरोपीय घडणीचं, म्हणजे फिरंग. मग ती नागपूरकरांची हे कळलं कशावरून? पात्याच्या पाठीवर सोन्याने देवनागरीत त्यांचं नाव कोरलंय म्हणून! मधल्या काळात कुणी हौसेने ती घासून काढली असती तर? तुमच्या घरच्या पात्यावरही काळपट थराखाली एखादं नाव, घडवणाऱ्याचा ठसा, पोलादाचा जौहर, म्हणजे पोलादातच उमटलेली लहरींची नक्षी, असू शकतो.

तो काळपट तपकिरी थर तसाच राहू द्या. तो पक्का बसलेला असतो. वैरी आहे तो तांबूस, भुकटी सुटणारा गंज. पांढरं सुती फडकं फिरवा, तांबडं लागलं तर गंज जिवंत आहे. तेवढ्याच जागी शिलाई मशिनचं तेल लावून रात्रभर ठेवा, सकाळी मऊ कापडाने टिपून घ्या, चिवट असेल तर बांबूची काडी वापरा. लिंबू, चिंच, भांडी घासायची पावडर अजिबात नको. खोबरेल, शेंगतेलही नको, ते चिकट होऊन धूळ धरतं. मूठ गरम पाण्यात तर कधीच बुडवू नका. आपल्याकडे पातं मुठीत बहुधा लाखेने बसवलेलं असतं, ऊब लागली की सुटतं. हातमोजे घाला, घामातलं मीठ बोटांच्या ठशासकट लोखंडात उतरतं.

आणि म्यान! सगळ्यांना वाटतं म्यानात तलवार सुरक्षित. कोकणातल्या पावसाळ्यात जुनं लाकूड आणि चामडं ओल धरून बसतं आणि पातं आतून खातं. दोन्ही वेगवेगळी ठेवा.

पूजा जरूर करा, मीही करतो. हळदकुंकू पाटावर वाहा. पात्यावर लावायचंच असेल तर त्याच दिवशी कोरडं पुसून घ्या. पंचामृताचा अभिषेक मात्र नको.

पणजोबांची पदकं असतील तर तीही घासू नका. पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव, पलटण असते. सातारा-रत्नागिरीकडच्या कित्येक घरांत त्या माणसाची तेवढीच लेखी खूण उरलीय. चांदी म्हणून मोडीत गेलेली पदकं थोडी नाहीत.

ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारूगोळा ठासून भरायची, बंदूक असेल तर आधी परवान्याचं बघा, आणि जाणकाराने तपासल्याशिवाय हात लावू नका. नळीत जुनी दारू असू शकते.

यंदा फोटो काढाल तेव्हा मूठ, पाठ, ठसे जवळून टिपा. वस्तू कुणाकडून आली, कुठल्या गावची, हे आजीआजोबांकडून ऐकून, तारीख घालून वहीत लिहून ठेवा.