शिव्या टाउनशिपला, हिशेब ट्रेंटनचा

न्यू जर्सीत चार मराठी घरं जेवायला जमली की प्रॉपर्टी टॅक्सचा विषय निघतोच. पाठोपाठ कुणीतरी म्हणतंच, "आपला पैसा न्यूअर्क-कॅमडेनला जातो." म्हणजे राज्यातल्या गरीब शहरांना. हे वाक्य माझ्या डोक्यात जातं.

अहो, तुमचा प्रॉपर्टी टॅक्स न्यूअर्कला जात नाही. बिल उघडून बघा (घरकर्जाच्या हप्त्यासोबत एस्क्रो खात्यात पैसे जमून तिथून परस्पर भरलं जातं म्हणून बरेच जण बघतही नाहीत). काउंटी, टाउनशिप, लायब्ररी, आणि सगळ्यात मोठा आकडा शाळांचा. राज्यातलं सरासरी बिल २०२४ मध्ये १०,००० डॉलरच्या वर गेलं. त्यातला निम्म्याहून जास्त पैसा शाळांचा, तोही तुमच्याच स्कूल डिस्ट्रिक्टच्या. टाउनशिप नुसती वसुली करते आणि शिव्या मेयर खातो.

न्यूअर्कला जातो तो राज्याच्या तिजोरीतला पैसा, आणि तो जायलाच हवा. जिथे घरांना भावच नाही तिथे नुसत्या घरपट्टीवर शाळा चालणार कशा? राज्याच्या सुप्रीम कोर्टाने हे १९७३ सालीच सांगितलं होतं. आमदार ढिम्म हलेनात, तेव्हा जुलै १९७६ मध्ये कोर्टाने शाळांचा खर्चच रोखला. मग कुठे इन्कम टॅक्स आला. राज्यघटनेप्रमाणे तो प्रॉपर्टी टॅक्सचा भार हलका करण्यासाठीच वापरायचा आहे. किती हलका झाला ते दिसतंच आहे.

माझं भांडण ट्रेंटनशी, म्हणजे राजधानीतल्या राज्य सरकारशी आहे. शाळांना राज्याची मदत ठरवणाऱ्या २००८ च्या फॉर्म्युल्यात गावाची ऐपत काढताना घरांच्या किमती आणि लोकांचं उत्पन्न निम्मं-निम्मं धरतात. भाव चढले की गाव कागदावर श्रीमंत, आणि राज्याची मदत आटते. भाव चढल्याने निवृत्त शेजाऱ्याच्या खिशात दमडी येत नाही; ती येणार घर विकल्यावर. बरं, गावाने टॅक्स वाढवून खड्डा भरावा, तर २०१० च्या कायद्याने वर्षाला २ टक्क्यांची मर्यादा. काही सवलती सोडल्या तर त्यावर जायला मतदान घ्यावं लागतं. फॉर्म्युला म्हणतो अजून भरा, मर्यादा म्हणते भरू नका. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

२०१८ च्या कायद्याने टॉम्स रिव्हरसारख्या डिस्ट्रिक्टची मदत वर्षावर्षाने कापत नेली. शिक्षक कमी झाले, वर्ग फुगले. २०२४ मध्ये उपरती झाली आणि मदत गमावलेल्यांना टॅक्समध्ये ९.९ टक्क्यांपर्यंत वाढ करायची मुभा मिळाली. म्हणजे आधी पोरांचा बळी, मग घरमालकांचा.

अशीच मदत गमावलेल्या जर्सी सिटीबद्दल मात्र मला तेवढी कणव नाही. नदीकाठचे कितीतरी टॉवर 'पायलट' करारावर, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्सऐवजी शहराला ठरावीक रक्कम देण्याच्या करारावर उभे राहिले. दीर्घ मुदतीच्या अशा करारांत रकमेचे ९५ टक्के शहराला, ५ टक्के काउंटीला, आणि शाळांसाठी कायद्यात वाटाच नाही! शहराने वर्षानुवर्षं हे करार वाटले आणि शाळांचं राज्य बघून घेईल म्हणून निवांत राहिलं.

गावाकडे जिल्हा परिषदेच्या मास्तरांचा पगार राज्याच्या तिजोरीतून होतो. त्या शाळांची बाकीची रड आहेच, पण गावातल्या घरांचा भाव आणि मास्तरांची नोकरी यांचा एकमेकांशी संबंध नाही. इथेही निदान पगार तरी राज्याने उचलावेत, इन्कम टॅक्समधून. दोन पगारांच्या आपल्या घरांना तो जास्त बसेल. बसू दे. शाळेचं रेटिंग बघून, मागितल्यापेक्षा वर पैसे मोजून घरं घेतलीच ना आपण?